२५ हजारांत गाणी ऐकायची सिस्टीम: नवी, जुनी की घरी बनवलेली? (सोलापूर)

उत्तरकसबेकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, यंदा रिटायर झाले. त्यांच्याकडं साठ-सत्तर एलपी तबकड्या आहेत. अभंग, नाट्यसंगीत, थोडे ख्याल. मुंबईच्या काकांनी दिलेला बेल्टवाला टर्नटेबलही आहे, पण तो दहा वर्षं माळ्यावर पडून आहे. सध्या सगळं मोबाइलच्या स्पीकरवर चालतं आणि ते बघवत नाही. त्यांना निवांत बसून ऐकता येईल असं काहीतरी लावून द्यायचंय. बजेट २५ हजार, तेही ओढूनताणून.

खोली १० बाय १२ फूट, जुनं घर, दगडी भिंती, खाली शहाबादी फरशी. अण्णा खाली गादीवर लोडाला टेकून बसतात, खुर्ची त्यांना चालत नाही.

नवी पेठेतल्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी ५.१ होम थिएटर लावून दाखवलं. खोक्यावर १२,००० वॉट. दुकानाची काच थरथरली, पण गाणाऱ्याचा एक शब्द कळेना. एक मित्र म्हणतो घरीच बनव, निम्म्यात होतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_टेपवाला

धागा चांगला आहे. आधी त्या वॉटचा निकाल लावू.

१२,००० वॉट म्हणजे पीएमपीओ, जाहिरातीसाठी फुगवलेला क्षणभराचा आकडा. घरातला साधा सॉकेट ६ अँपियरचा, वीज २३० व्होल्टची, गुणाकार १,३८०. त्यापलीकडचे वॉट छापखान्यातून येतात. आपण आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॉट बघायचे, आणि तेही किती ओहमच्या (म्हणजे किती अडथळ्याच्या) स्पीकरला व किती विकृतीवर ते विचारून. १० टक्के विकृतीवरचा आकडा म्हणजे आवाज फाटल्यावरचा आकडा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. ८६ डेसिबलचा स्पीकर म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ८६ डेसिबल. तुमच्या खोलीत अण्णा फार तर अडीच मीटरवर बसणार. तिथं दोन स्पीकर मिळून १ वॉटला ८० च्या पुढं सहज जातात, आणि घरातलं बोलणं साठच्या आसपास असतं. १० वॉटला ९०. आता उलटा हिशोब: नुसते ३ डेसिबल वाढवायला वॉट दुप्पट लागतात, कानाला दुप्पट वाटायला दहापट. म्हणून ३० चा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) सोडून ५० वॉटचा घेतला तर कानाला जेमतेम कळतं. पण ८६ च्या जागी ८९ चा स्पीकर मिळाला तर अ‍ॅम्प फुकटात दुप्पट झाला म्हणायचं.

थोडक्यात ५.१ विसरा, दोन चांगले बुकशेल्फ (फळीवर मावतील एवढे छोटे) स्पीकर घ्या, निम्मे पैसे त्यांच्यावरच घाला. त्याच पैशात पाच स्पीकर आणि एक सबवूफर बसवायचा तर एकेकाच्या वाट्याला काय येणार?

पार्क_चौक

एवढं कशाला? अ‍ॅक्टिव्ह स्पीकरची जोडी घ्या, अ‍ॅम्प आतच असतो. मोबाइल जोडला की झालं. माझ्याकडं चार वर्षं चाललेत.

जुना_टेपवाला

@पार्क_चौक, चूक नाही. पसारा नको असेल तर तोच सरळ मार्ग. पण आतला अ‍ॅम्प गेला की एक बाजू मुकी होते, आणि मग तो नेमका बोर्ड शोधत फिरायचं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्री. बंद डब्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० डिग्रीला साधारण निम्मं होतं. मी वेगळं घेईन. ज्याचं त्यानं ठरवावं.

भुसा_आणि_फेविकॉल

तो "निम्म्यात होतं" म्हणणारा मित्र कोण, त्याला माझ्याकडं पाठवा. मी दोन जोड्या बनवल्यात. पहिली आता गॅरेजमध्ये कुंड्यांखाली आहे.

डबा हा भाग सोपा. साडेसहा इंची वूफरसाठी १४ लिटरचा घेतला होता: आतून १८ बाय २४ बाय ३३ सेंटिमीटर, १८ मिलिमीटर एमडीएफ. जोडीला नऊ-दहा चौरस फूट माल लागतो, पण शीट ३२ चौरस फुटांची, सुटी कोण देईना. अक्कलकोट रोडच्या सुतारानं कापून दिलं, कोपरे काटकोनात, काही तक्रार नाही.

घोळ झाला तो क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये. हैदराबादला कोटीच्या बाजारातून वूफर आणले, ट्वीटर दुसऱ्याच ठिकाणाहून, आणि मध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर टाकून मोकळा झालो. ८ ओहमला तो सव्वाचार हजार हर्ट्झच्या आसपास कापतो, कागदावर ठीक. पण वूफरला वरून कुणी अडवलंच नव्हतं, आणि ट्वीटर वूफरपेक्षा कितीतरी मोठ्यानं बोलत होता. हार्मोनियम लावली की भोंगा. वर आत भरायला मागावरचं वेस्ट सूत कोंबलं, ते पोर्टमधून (डब्याच्या हवेच्या भोकातून) डोकवायला लागलं. एक दिवस त्यातून पाल निघाली तेव्हा बायकोनं जोडीचा निकाल लावला.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. वूफरचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे कंपनी देते, त्यावरून डबा किती लिटरचा ते विनआयएसडी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं. क्रॉसओव्हरसाठी मात्र डोकं चालवलं नाही. कुणीतरी मोजून-मापून सिद्ध केलेलं डिझाइन जसंच्या तसं उचललं, त्यातले तेच ड्रायव्हर, तीच कॉइल. छान वाजतात. पण मोडलेली ब्लेडं, वाया गेलेले ड्रायव्हर आणि दोन महिन्यांचे रविवार धरले तर बाजारातून आणणं स्वस्त पडलं असतं.

बनवायचंय तर आवडीनं बनव भावा, पैसे वाचवायला नको. अण्णांना या दिवाळीला ऐकायचंय का पुढच्या?

शेंगाचटणी

खोलीबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. दगडी भिंत आणि शहाबादी फरशी म्हणजे मंदिराचा गाभारा. तिथं लाखाचा सेट लावला तरी "ळ" आणि "ल" एकच ऐकू येणार. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवून बघा, मागं झर्र आवाज आला तर मी काय म्हणते ते कळेल.

सोलापुरात सगळे पहिला सल्ला देतात, चादर लाव भिंतीला. मीही लावली. आपली चादर दिसते देखणी, पण पातळ आहे. वरचा किणकिणाट थोडा कमी होतो, बाकी जैसे थे. उपयोगी पडले ते टॉवेल. कारखान्याचे सेकंडचे टेरी टॉवेल वजनावर मिळतात. चार इंच खोल लाकडी चौकट, दोन फूट बाय चार फूट, त्यात टॉवेल घड्या घालून भरायचे, वरून तीच चादर ताणून ठोकायची. भिंतीला बोटभर अंतर सोडून टांगा. अशा दोन चौकटी स्पीकरच्या आजूबाजूच्या भिंतींवर. अण्णांच्या जागेवर बसा, दुसऱ्याला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. जिथं स्पीकर दिसेल तिथं चौकट. गादी आणि सतरंजी फरशीचं काम करतातच.

खालचा बास मात्र टॉवेलांना जुमानत नाही. १२ फुटांच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झला आणि १० फुटांत ५६ ला आवाज फुगतो, भिंतीभिंतींत अडकून. तिथं एकच उपाय, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढायचे, भिंतीपासून फूट-दीड फूट. आणि अण्णांचा लोड मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर तोही दोन फूट पुढं घ्या. याला रुपया लागत नाही, फक्त घरातल्यांशी भांडावं लागतं.

अजून एक. बाजारातले स्टँड २४ इंचाचे, खुर्चीवाल्यांसाठी. खाली बसणाऱ्याचा कान अडीच फुटांवर असतो. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा, म्हणजे स्टँड १८ इंचाचा. वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या.

सातरस्ता_बॉय

काय बे, टॉवेलवर पीएचडी 😄 पण खरंय ताई, +१.

वायर कुठली घ्यायची ते कोणी सांगितलंच नाही. साडेतीन हजार रुपये मीटरवाली दाखवलीय मला एकानं.

जुना_टेपवाला

इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड एमएमची तांब्याची वायर. पाच मीटर जाऊन-येऊन धरली तरी अडथळा ०.१२ ओहमच्या खाली, ८ ओहमच्या स्पीकरपुढं किस झाड की पत्ती. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नका, टोक खरवडून बघा. साडेतीन हजार उरले तर एलपी घ्या.

आता उत्तरकसबेकर, तुमच्यासाठी माझा हिशोब. नवा अ‍ॅम्प यामाहाचा ए-एस२०१ घेतला तर टर्नटेबलचा फोनो इनपुट त्यातच येतो, पण बजेट तिथंच संपतं. त्यापेक्षा टीपीए३२५५ चिपचा छोटा क्लास-डी अ‍ॅम्प बघा. जाहिरातीत ३०० वॉट लिहितात, ते मनावर घेऊ नका. सोबत ३२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असेल तर ८ ओहमला ५०-५५ च्या पुढं गणितच जात नाही. तुम्हाला तेवढे उदंड.

स्पीकर जुने घ्या. वूफरच्या कोनभोवतीची (शंकूसारख्या पडद्याभोवतीची) किनार बोटानं दाबा. रबराची असेल तर टिकते, फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत भुगा होतो. कोन सगळीकडून सारखा दाबून आत ढकला, खरखर आली तर कॉइल घासतेय, हात जोडून निघा. अ‍ॅम्प जुना बघायचा असेल तर कोलकात्याच्या सोनोडाइनचे, मुंबईच्या नॉर्जचे अधूनमधून विकायला येतात. आवाजाची खुंटी फिरवताना चरचरली तर साफ होते, पण चालू करताना ढप्प आवाज येऊन वूफर बाहेर आला तर सोडा.

टर्नटेबलवर सुई तपासल्याशिवाय एकही एलपी ठेवू नका. दहा वर्षांत बेल्ट सैल झालेला असणार. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून (सुई बसते तो भाग) जेमतेम पाच मिलिव्होल्ट येतात, आणि एलपी कापताना बास मुद्दाम कमी केलेला असतो. म्हणून मध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो, तो सिग्नल मोठा करतो आणि बास परत देतो. तो न लावता सरळ अ‍ॅम्पच्या औक्स इनपुटला जोडाल तर डासासारखं वाजेल, आणि दोष एलपीला द्याल.

उत्तरकसबेकर

सगळ्यांचे आभार. महिन्यानं लिहितोय, कारण काम झालं.

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो, दोन जोड्या ऐकल्या. पहिलीची किनार दाबली तर बोटाला काळा भुगा आला. दुसरी रबराची, साडेसहा इंची, ८७ डेसिबल, ११,५००. कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन परत आलो, डब्यातल्या लोकांना वाटलं काहीतरी जिवंत आहे. अ‍ॅम्प ७,८००, फोनो प्रीअ‍ॅम्प २,२००, मोबाइलचा छोटा डॅक (मोबाइलमधला डिजिटल आवाज अ‍ॅम्पला चालेल असा करणारा) ९००, वायर ४५०, स्टँड वेल्डिंगवाल्याकडून १,४००. बेरीज २४,२५०. टॉवेल मामांच्या कारखान्यातून, म्हणजे फुकट, पण मामा अजून विचारतात भिंतीवर टॉवेल कशाला.

ताई, लोड पुढं घ्यायला अण्णा आठ दिवस तयार नव्हते. एका दुपारी ते झोपले असताना मीच सरकवला. उठल्यावर काही बोलले नाहीत, तिथंच बसले. तबल्याचा डग्गा आधी नुसता घुमायचा, आता घिस्सा ऐकू येतो म्हणाले.

अडचण एकच. मोबाइलवरून एकदम शांत, पण टर्नटेबल लावला की मागं सारखा घूंऽऽ आवाज. आवाज वाढवला की तोही वाढतो. प्रीअ‍ॅम्प खराब निघाला का?

भुसा_आणि_फेविकॉल

प्रीअ‍ॅम्प नाही, अर्थिंग. टर्नटेबलच्या मागून लाल-पांढऱ्या वायरींसोबत तिसरी बारीक एकेरी वायर येते, टोकाला काटा असतो. ती प्रीअ‍ॅम्पच्या मागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला लावलीय का?

नसेल तर ती लाव. तरी नाही गेलं तर प्रीअ‍ॅम्प अ‍ॅडॅप्टरांपासून लांब ठेव, आणि जुन्या घरात सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला खरंच अर्थ आहे का ते वायरमनकडून तपासून घे. आमच्याकडं नव्हता.

उत्तरकसबेकर

सापडली. टेबलाच्या मागं लोंबत होती, मी काकांनी कधीतरी बांधलेला दोरा समजलो होतो. स्क्रूला लावली, घूं बंद.

सुई मात्र खरंच गेलीय, भिंगातून बघितली, टोक एका बाजूनं चपटं झालंय. तोवर एलपी कपाटात, अण्णा मोबाइलवर. सोलापुरात कार्ट्रिजची सुई कुठं मिळते का, की परत हुतात्मा?