एकच टेबल, घरचा पीसी आणि ऑफिसचा लॅपटॉप: रोजची केबल ओढाओढ कशी थांबवू?

प्रश्न

नमस्कार मंडळी. आमचा वन बीएचके, कामाची जागा म्हणजे बेडरूममधलं चार फुटी टेबल. त्यावर मी स्वतः असेंबल केलेला पीसी आणि २७ इंची मॉनिटर (१४४०पी, १४४ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं). आठवड्यातले तीन दिवस घरून काम. सकाळी साडेनऊला टेबलाखाली शिरायचं, पीसीची एचडीएमआय काढून लॅपटॉपला लावायची, कीबोर्ड-माउसचंही तेच. संध्याकाळी सगळं उलट. दीड वर्ष असं केल्यावर ग्राफिक्स कार्डाचं पोर्ट सैल झालंय. केबलला जरा धक्का लागला की स्क्रीन काळी. पोटाला चिमटा काढून घेतलेलं कार्ड आहे हो, जीव तुटतो.

लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल करायला परवानगी नाही, पेनड्राइव्हही बंद. दुसऱ्या मॉनिटरला जागा नाही. केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर, कीबोर्ड, माउस दोन संगणकांत आलटून पालटून वापरू देणारा डबा) घेऊ का?

उत्तर १

थांबा, आधी मॉनिटरच्या मागे बघा. या प्रकारच्या मॉनिटरला बहुतेक वेळा एचडीएमआयशिवाय डिस्प्लेपोर्टही (चित्रासाठीचं दुसऱ्या प्रकारचं पोर्ट) असतं. पीसी कायमचा डिस्प्लेपोर्टवर लावून टाका, म्हणजे ते सैल पोर्ट वापरावंच लागणार नाही. एचडीएमआय लॅपटॉपसाठी. मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदलायचं, केबलला हातच लावायचा नाही.

कीबोर्ड-माउससाठी साधा यूएसबी स्विच घ्या, केव्हीएमपेक्षा बराच स्वस्त पडतो. सॉफ्टवेअर लागत नाही; लॅपटॉपला तो नेहमीचा कीबोर्डच वाटतो. पेनड्राइव्ह बंद असला तरी सहसा कीबोर्ड चालतो, पण ऑफिसच्या आयटीवाल्यांना एकदा विचारून घ्या. स्विचचं बटण वायरवर असलेला घ्या आणि टेबलाच्या कडेला चिकटवा. डबा मागे गेला की पुन्हा वाकणं आलंच.

उत्तर २

केव्हीएम घ्यायचाच तर माझा अनुभव ऐका. मी खोक्यावर ‘४के’ वाचून घेतला. घरी लावला तर ४के फक्त ३० हर्ट्झवर! माउसचा बाण अडखळत सरकायचा, दुपारपर्यंत डोळे दुखायचे. तो डबा एचडीएमआय १.४ चा होता. तुमच्या १४४ हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवंच. शिवाय ईडीआयडी इम्युलेशन (मॉनिटर जोडलेलाच आहे असं पीसीला भासवणारी सोय) आहे का ते बघा. नसेल तर स्विच फिरवला की पीसीला वाटतं मॉनिटरच काढला, आणि उघड्या खिडक्या अस्ताव्यस्त होतात.

उत्तर ३

लॅपटॉपला टाइप-सी असेल तर एका केबलमध्ये चित्र आणि चार्जिंग दोन्ही होतं, पण मॉनिटरलाही तशी टाइप-सी हवी. लॅपटॉपच्या प्रत्येक टाइप-सीतून चित्र येत नाही; पोर्टशेजारी डीपीची (डिस्प्लेपोर्टची) किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण शोधा. आणि ब्लूटूथ कीबोर्ड घेणार असाल तर जुना वायरवाला देऊन टाकू नका. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरायला तोच लागतो.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. मॉनिटरच्या मागे हात घातला तर डिस्प्लेपोर्टचं प्लास्टिकचं बूच अजून तसंच होतं! पीसी तिथे हलवला, यूएसबी स्विच काल आला. आज सकाळी दोन बटणं दाबली आणि कामाला बसलो. एकच अडचण: लॅपटॉप मिटून उभा ठेवला की झोपतो.

उत्तर १

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘लिड बंद केल्यावर’च्या पुढे ‘डू नथिंग’ करा, प्लग्ड इनच्या रकान्यात. ऑफिसने तेही बंद ठेवलं असेल तर लॅपटॉप थोडा उघडा राहील असा स्टँड बघावा लागेल.