‘फुकट’ डेंटल स्कूलची दंतकथा

ओहायोची_आत्या

परवा मुलांच्या फीच्या धाग्यावर बिनधास्त_बाबा यांनी लिहिलं: ‘मराठी पालकांना डेंटलच्या फीसाठी घर गहाण टाकायची एवढी हौस का? आर्मी, नेव्ही, एअर फोर्स फुकट शिकवायला बसल्या आहेत. चार वर्षं सैनिकांचे दात काढायचे, पुढे आयुष्यभर आराम. पण आपल्याला युनिफॉर्म दिसला की धडकी भरते.’ त्याखाली वाहवांची रांग लागली. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

बाबा, आधी ‘फुकट’ हा शब्द काढा. एचपीएसपी, म्हणजे डॉक्टर-डेंटिस्ट होणाऱ्यांसाठी अमेरिकन फौजेची स्कॉलरशिप, फी भरते, पुस्तकं आणि इन्स्ट्रुमेंट्सचे पैसे देते, वर महिन्याला अडीच हजार डॉलरच्या पुढे स्टायपेंड, आणि चार वर्षांची घेतली तर वीस हजारांचा बोनस. सगळं खरं. स्टायपेंड आणि बोनसवर टॅक्स लागतो हे रिक्रूटर दुसऱ्या भेटीत सांगतो, ते सोडा. बदल्यात वर्षाला वर्ष फेडायचं. पोरगं सव्विसाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडतं आणि तिशीपर्यंत कुठे राहायचं ते दुसरा ठरवतो. पसंतीची यादी मागतात हो, पण आपण सत्यनारायणाच्या दिवशी पाहुण्यांना ‘जेवायला काय करू’ विचारतो ना, तशी: बेत आधीच ठरलेला. याच वर्षांत माणसं लग्नं करतात, प्रॅक्टिस विकत घेतात, घरात कोणीतरी आजारी पडतं.

करार एकूण आठ वर्षांचा असतो. ड्यूटी संपली तरी उरलेली वर्षं नाव राखीव यादीत राहतं, बोलावलं तर जायचं. आणि तिसऱ्या वर्षाला मुलीला ऑर्थो (वाकडे दात सरळ करायचं स्पेशलायझेशन) करावंसं वाटलं तर? बहुतेकदा आधी फेड, मग ऑर्थो. फौजेतलीच रेसिडेन्सी (स्पेशलायझेशनचं ट्रेनिंग) मिळाली तर ती वर्षं फेडीत धरत नाहीत, वर नवी चढतात.

ज्याला फौजेत जायचंच आहे त्याने खुशाल जावं. फी वाचवायला म्हणून जाऊ नये, एवढंच.

आकडेमोड्या

आत्या, भावना समजल्या. आता गणित. कर्ज काढून शिकलेल्या डेंटिस्टच्या डोक्यावर बाहेर पडताना सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास असतात. महागड्या खासगी शाळेत राहण्याखाण्यासकट पाच लाखांच्या वर. व्याज आठ-नऊ टक्के. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस, म्हणजे पूर्ण खर्चाएवढं मिळणारं सरकारी कर्ज, बंद. सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख, त्याच्या वर नाही. उरलेले खासगी बँकेतून, आणि तिथे सही कोणाची? बापाची. म्हणजे तुमची तीस वर्षांची क्रेडिट हिस्टरी पोराच्या रूट कॅनालला बांधली.

अशा वेळी ‘फी वाचवायला जाऊ नये’ हे ज्याचं घर फिटलंय त्याने म्हणावं.

एक मात्र तुमच्या बाजूने, नाइलाजाने. टेक्सासात आपल्याच राज्याच्या सवलतीच्या फीमध्ये शिकणारा आणि न्यूयॉर्कला खासगी शाळेत शिकणारा, दोघंही फेडतात चारच वर्षं. एकाला त्या वर्षाचा भाव दुसऱ्याच्या तिप्पट मिळतो. स्वस्त स्टेट स्कूल मिळालेल्याने सही करण्याआधी हा भागाकार करावा. कोणी करत नाही.

सज्जनगड

आमच्या साताऱ्यात घरटी एक माणूस फौजेत. अपशिंग्याला गावाच्या नावातच मिलिटरी आहे. आणि इथे चर्चा काय, तर पोराला कुठल्या गावात पोस्टिंग मिळेल! आजोबा असते तर हसले असते. भित्रेपणाला आकडेमोडीचं कव्हर घालू नका.

कोथरूडकर_काका

सातारकर, ती आपली फौज. ही दुसऱ्याची. फरक आहे.

आमच्या पुण्यात एएफएमसी, म्हणजे फौजेचं मेडिकल कॉलेज, १९६२ पासून हेच करतं. शिकवतात, मग सेवा करून घेतात. माझा वर्गमित्र तिथे गेला, लेहपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत देश फिरला, कर्नल होऊन निवृत्त झाला. फीचा विषय कधी घरात निघाला नाही. अर्थात तिथे एमबीबीएस, डेंटलची पदवी नाही. पण शिस्त बघा. आमच्या वेळी तिथल्या मुलांचे बूट

आकडेमोड्या

काका, बुटांवर वेगळा धागा काढा. आणि ‘दुसऱ्याची फौज’ कशी? हा अधिकारी म्हणून भरती होण्याचा मामला आहे, नागरिकत्वाशिवाय अर्जच घेत नाहीत. नागरिकत्वाच्या शपथेत हात वर करून आपण सगळे म्हणालोय, कायद्याने सांगितलं तर या देशासाठी शस्त्र उचलीन. तेव्हा समारंभानंतर केक कापला होता. आता ‘दुसऱ्याची’?

लटकलेला_एच१बी

‘आपण सगळे’ नाही. काही जण अजून रांगेत आहेत.

माझी मुलगी चार वर्षांची असताना इथे आली. शाळेत रोज झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणाली. आता अंडरग्रॅडला आहे, डीएटीचा (डेंटलच्या प्रवेश परीक्षेचा) स्कोअर चांगला आहे. एच-४ वर (एच१बीवाल्याच्या बायकामुलांचा व्हिसा) सरकारी कर्ज नाही, एचपीएसपी नाही, आणि एकविसावं लागलं की एच-४ पण नाही. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यात आमचा नंबर कधी लागेल ते विचारू नका. तुम्ही स्कॉलरशिप घ्यावी की नको यावर भांडताय. भांडायला मिळतंय हीच चैन.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, आमच्याकडे पाहा. खासगी कॉलेजात बीडीएस केलं, बापानं वावर विकलं. पाच वर्षं घातल्यावर दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये महिन्याले बारा हजार. आता इथे बायकोच्या व्हिसावर येऊन अॅडव्हान्स्ड स्टँडिंगच्या (बाहेरच्या डेंटिस्टले इथल्या कॉलेजात वरच्या वर्षाले प्रवेश) हातकामाच्या परीक्षेसाठी प्लास्टिकचे दात घासून राह्यलो. अन् इथले लोक चार वर्षं पगारी नोकरीले वनवास म्हणतात. मले पाठवा ना बाप्पा उत्तर डाकोटाले, दोन स्वेटर जास्त घालीन.

दाढदुखी

मी एचपीएसपी केलेलं आहे. नेव्ही, चार वर्षं, बाहेर पडून पाच झाली. जन्म न्यू जर्सीचा, मराठी आईने रविवारच्या शाळेत शिकवलं, चुका झाल्या तर सांभाळा.

‘सैनिकांचे दात काढायचे’ हे अगदीच खोटं नाही. अक्कलदाढा इतक्या काढल्या की मोजणं सोडलं. पण खरं काम वेगळं आहे. प्रत्येक सैनिकाच्या दातांचा वर्ग ठरतो, एक ते चार. तीन म्हणजे वर्षाच्या आत ठणकायला लागेल असा दात. त्याला मोहिमेवर पाठवत नाहीत. चार म्हणजे तपासणीच झालेली नाही. माझं काम सगळ्यांना एक किंवा दोनमध्ये ठेवायचं. जहाज समुद्रात असताना एकाची दाढ सुजली तर एक माणूस कमी. हे डोक्यात बसलं की साधी फिलिंगसुद्धा कंटाळवाणी वाटत नाही.

चांगलं काय: इन्शुरन्सवाल्याशी फोनवर भांडण नाही, ‘या महिन्यात क्राऊन किती केले’ विचारणारा मॅनेजर नाही. वाटलं ते उपचार केले. पहिल्याच वर्षी एईजीडी (जनरल डेंटिस्ट्रीचं जादा ट्रेनिंग) मिळाली, त्यात जे शिकलो ते शाळेत नव्हतो शिकलो.

वाईट काय: सगळे पेशंट विशी-तिशीतले. बाहेर आल्यावर पहिल्या आठवड्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी आल्या, पूर्ण कवळी हवी होती. मला घाम फुटला. लहान मुलांचंही तेच. आणि पगार: नेव्हीतल्या लेफ्टनंटच्या दर्जाचा, घरभाडं वेगळं, डेंटिस्टचा भत्ता वेगळा. जेवायला कमी पडत नाही, पण बाहेरचे मित्र जास्त कमावत होते. माझ्यावर कर्ज नव्हतं, त्यांच्यावर होतं. पार्टीत दोघंही गप्प.

न्यूपोर्टला नव्या अधिकाऱ्यांचं पाच आठवड्यांचं ट्रेनिंग होतं. त्याला आमच्या आईने रोज रडून जेवढं महत्त्व दिलं तेवढं काही नव्हतं. आणि शाकाहारी एमआरई (फौजेची पाकीटबंद जेवणं) मिळतात, हा प्रश्न मला मंडळाच्या प्रत्येक गणपतीत विचारतात.

कोकणकन्या_बोस्टन

हे सगळं मेडिकल पास झालं तर. माझ्या मुलाला पंधराव्या वर्षी एका डॉक्टरने खोकल्यासाठी इन्हेलर लिहून दिला. दोनदा ओढला असेल. तेराव्या वाढदिवसानंतरचा दमा म्हणजे नापास. पूर्वी लोक सांगत नसत, आता २०२२ पासून तुमच्या औषधांची जुनी नोंद त्यांना थेट दिसते. वेव्हर (नियमातून सूट) मागितला, तो येईपर्यंत त्या वर्षीच्या जागा भरल्या. शाळेत असलेल्या मुलांच्या आयांनो, खोकल्याला काढा द्या.

पार्सिपनीचा_पंत

मुख्य गोष्ट कोणी बोलतच नाही. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कायमच्या व्हिसासारखं कार्ड! परदेशी सैन्यातल्या माणसाला, नोकरीत असो की निवृत्त, ओसीआय मिळत नाही. नियमच आहे. डेंटिस्ट असलात तरी सैन्य ते सैन्य. आमच्या मेहुण्याच्या मुलाने सही केल्यावर तीन महिन्यांनी हे कळलं. आजोबांचा डेक्कनचा फ्लॅट त्याच्या नावावर करायचा होता. आता?

आकडेमोड्या

आता काही नाही. वारसाने मिळालेली मालमत्ता ठेवायला ओसीआय लागत नाही. फेमाचं (परकीय चलन कायद्याचं) कलम ६(५) वाचा. भारतात राहणाऱ्याकडून वारशाने आली असेल तर परदेशात राहणारा ती ठेवू शकतो.

पार्सिपनीचा_पंत

वारसाने म्हणजे आजोबा गेल्यावर. आजोबा धडधाकट आहेत, रोज पर्वती चढतात. बक्षीसपत्र करायचं होतं.

कोथरूडकर_काका

बक्षीसपत्र कशाला? मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पुरतात. आमच्या सोसायटीत एकाने बक्षीसपत्र केलं आणि मग सुनेने

पार्सिपनीचा_पंत

काका, मुद्दा फ्लॅटचा नाही, तत्त्वाचा आहे. पोरगा लोकांच्या दाढा भरतो. जिनिव्हा कराराप्रमाणे डॉक्टर-डेंटिस्ट लढवय्ये धरत नाहीत. त्याला आजोळी जायला टुरिस्टसारखा व्हिसा?

सज्जनगड

दुसऱ्या देशाची वर्दी घातली तर भारताने काय ओवाळायचं? नियम बरोबर आहे.

पार्सिपनीचा_पंत

मघाशी फौजेत न जाणारे भित्रे होते. आता जाणारे परके. साताऱ्याचे कंदी पेढे आणि मिसळ एकाच ताटात वाढू नका हो.

सज्जनगड

भित्रे मी ओहायोवाल्या बाईंना म्हणालो. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, यातच आलं.

ओहायोची_आत्या

उत्तर देते. कामावरून आत्ता आले.

माझा मुलगा तिसरं वर्ष फेडतोय. वर उत्तर डाकोटाचा विनोद झाला, तो हिवाळा त्याने काढलाय. आता जपानमध्ये आहे. पहिल्या पोस्टात हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर सगळ्यांनी ‘सलाम’ लिहून विषय संपवला असता.

पंत ज्या नियमाबद्दल बोलताहेत तो आम्हालाही सही झाल्यावर कळला. गेल्या वर्षी माझी आई नाशिकला शेवटच्या आजारात होती. त्याला सांभाळलं तिनेच, पाच वर्षांचा होईपर्यंत. रजा दोन दिवसांत मंजूर झाली, फौजेला दोष देत नाही. भारताच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये विचारतात, सैन्यात आहात का, होतात का. त्याने खरं ते लिहिलं. व्हिसा आला तोपर्यंत दहावा होऊन गेला होता. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा भावाने ‘नातू येईल तुझा’ असं म्हटलं, मग शिवला. खरं-खोटं देव जाणे.

तो म्हणतो, पुन्हा विचारलं तरी सही करीन. त्याला काम आवडतं, दाढदुखींनी लिहिलंय तसंच सांगतो, एक-दोन-तीन-चार वर्ग वगैरे. मी मात्र पुन्हा ‘कर’ म्हणणार नाही. दोन्ही खरं आहे. सातारकर, यातला भित्रेपणा कुठला ते सांगा, उद्या सकाळी त्यालाही कळवते.

सज्जनगड

वहिनी, तो शब्द मागे घेतो. आईंना श्रद्धांजली. ओसीआयबद्दल मत बदललेलं नाही.

दाढदुखी

मावशी, मी नेव्हीत असताना माझ्या आजोबांच्या वेळी हेच झालं. मी फॉर्म भरलाच नाही, वेळेत येणार नाही म्हणून. अजून टोचतं.

बिनधास्त_बाबा

माझं नाव घेऊन एवढं महाभारत झालं आणि मला आज दिसतंय. ठीक. ‘फुकट’ मागे घेतो. ‘उधारीवर’ असं वाचावं. खूश?

पण माझी मुलगी अर्ज करणार आहे. कर्जाच्या नव्या मर्यादेनंतर दुसरा मार्ग दिसत नाही. बँकेत कर्ज मंजूर करणारे पाहुणे नाहीत आमच्याकडे.

ओहायोची_आत्या

करू दे की. सही करण्याआधी मला मेसेज करायला सांगा. कुठल्या रिक्रूटरला काय विचारायचं याची माझ्याकडे दोन पानं आहेत, मुलाने लिहून दिलेली. आणि ओसीआय असेल तर त्याचं आधीच विचारून ठेवा. आणि इन्हेलर.

बिनधास्त_बाबा

इन्हेलर नाही. ब्रेसेस आहेत, जूनमध्ये निघतील. चालतील?

दाढदुखी

काढून मगच मेडिकलला जा. डेंटिस्ट व्हायला आली आणि दातावर अडकली, असं नको.

लटकलेला_एच१बी

आकडेमोड्या, त्या ६(५) मध्ये शेतजमीन येते का? वडिलांची बारामतीला आहे.

कोथरूडकर_काका

वेगळा धागा काढा.