व्यस्त फल काढताना ± मधलं एकच चिन्ह का ठेवायचं?

प्रश्न: फ(क्ष) = क्ष² − ४क्ष + १, अट क्ष ≥ २. याचं व्यस्त फल (उत्तरावरून मूळ क्ष परत देणारं फल) काढायचंय. वर्ग पूर्ण केला: य = (क्ष − २)² − ३. म्हणजे क्ष = २ ± √(य + ३). उत्तरात फक्त + दिलंय. वजाचा बळी का?

उत्तर १: आधी अट विसरून बघ. फ(५) = ६ आणि फ(−१) पण ६. आता मी तुला ६ दिले तर परत कुठे जाशील, ५ कडे की −१ कडे? फलाला एकच उत्तर देता येतं, म्हणून अख्ख्या रेषेवर याचं व्यस्त फल नाहीच. ती अट शोभेला दिलेली नसते, तिच्यामुळेच फल एकास एक होतं, म्हणजे दोन वेगळ्या क्षंना एकच उत्तर येत नाही. क्ष ≥ २ म्हटल्यावर २ मध्ये काहीतरी मिळवावंच लागणार, म्हणून +. क्ष ≤ २ दिलं असतं तर वजा आलं असतं.

उत्तर २: बरोबर. फक्त व्यस्ताचा प्रांतही (त्यात घालता येणाऱ्या किमती) लिही: य ≥ −३. मूळ फलाची व्याप्ती (त्यातून मिळणाऱ्या किमती) तीच. पेपरात हमखास इथेच गुण जातात. आणि फ⁻¹ म्हणजे १/फ नव्हे, हे दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं!

प्रश्नकर्ता: ६ घालून पाहिलं, २ + √९ = ५. जमलं. पण क्ष³ ला अट का नसते?

उत्तर १: ते सतत चढतंच जातं. कुठलीही आडवी रेषा मार, आलेखाला एकदाच छेदेल, म्हणजे ते अटीशिवायच एकास एक आहे.