नक्षीची नोंद झाली, पण किल्ली कोणाकडे?

उभा_धागा: विणकाम, भरतकाम, नैसर्गिक रंगाई यांतलं बरंचसं ज्ञान कारागिरांच्या हातातच आहे, लिहून ठेवलेलं थोडं. माझं मत सरळ आहे: सगळ्याची डिजिटल नोंद करा आणि फॅशन डिझायनरांना खुली द्या. वापरात राहील तेच टिकेल. जकार या नक्षीदार कापड विणणाऱ्या मागाची नक्षी १८०४ पासून भोकांच्या पुठ्ठ्यांवर साठवली जातेच आहे.

निळी_बादली: असहमत. पुठ्ठा फक्त कुठले उभे धागे उचलायचे ते सांगतो. नीळ घ्या. ती पाण्यात विरघळत नाही, कुंडात आंबवून तिचं रूप बदलावं लागतं. कापड बाहेर येतं हिरवट-पिवळं, हवा लागली की निळं होतं. कुंड तयार झालं का, हे मुरलेला रंगारी फेसावरून आणि वासावरून ओळखतो. वासाचा व्हिडिओ काढणार का?

उभा_धागा: पीएच मोजता येतो, तापमान मोजता येतं, फेसाचे फोटो ठेवता येतात. काहीच नसण्यापेक्षा अर्धवट नोंद बरी.

तिसरी_घडी: नोंद कच्ची राहील म्हणून तुम्ही भांडताय, मला ती पक्की होण्याची धास्ती आहे. लाओसमधल्या ओमा समाजाच्या नक्ष्या मॅक्स मारा या इटालियन कंपनीने न विचारता वापरल्याचा आरोप २०१९ मध्ये लुआंग प्रबांगच्या एका संग्रहालयाने जाहीरपणे केला. ओमा बायका ते काम हाताने भरतात, कापडाचे तुकडे जोडून करतात. कंपनीच्या कपड्यांवर ते छापलेलं होतं! म्हणजे तंत्र कोणाला हवं होतं? चित्र पुरलं. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नक्षीला एक असा निर्माता नसतो, त्यामुळे कॉपीराइट बहुधा कामी येत नाही.

निळी_बादली: +१

उभा_धागा: मग नक्षी आमची, हे सिद्ध कशावरून करणार? जुनी, तारखेची नोंद लागेलच ना?

तिसरी_घडी: लागेल, पण किल्ली समाजाकडे हवी. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगु समाजाबरोबर काम करताना घडलेलं मुकुर्तू हे सॉफ्टवेअर पाहा. कोणती नोंद कोणी बघायची, हे तिथे समाज ठरवतो. डिझायनरने आधी करार करावा, मग फाइल उघडावी.

निळी_बादली: करार कोणाशी? एकच नक्षी शेजारशेजारच्या चार गावांत भरली जात असेल तर सही कोणाची? आणि हो, कॅमेऱ्यासमोर बसलेल्या कारागिराचं त्या दिवशीचं काम बुडतं. त्याची मजुरी कोण देणार, हे अजून तुमच्यापैकी एकानेही लिहिलेलं नाही.

उभा_धागा: मजुरी प्रकल्पानेच द्यावी, त्यात वाद नाही. सहीचं मात्र मलाही सुचत नाहीये.