आयएल-४ दिलेल्या मॅक्रोफेजमध्ये टीएनएफ कुठून आला?

मोनोसाइट_४११००७

नमस्कार मंडळी. मानवी मोनोसाइटपासून (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) बनवून त्यांना आयएल-४सारखी सायटोकाइन (पेशींमधली संदेशवाहक प्रथिनं) देतेय. आयएल-४ने टीएनएफ हे दाह वाढवणारं सायटोकाइन यायला नको होतं, पण आलं. पुण्यातल्या रक्तपेढीतून रीतसर परवानगीने मिळालेला बफी कोट (रक्तातला पांढऱ्या पेशींचा थर), फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव, घनता १.०७७) वेगळ्या केलेल्या पेशी, मग सीडी१४ (मोनोसाइटवरचं प्रथिन) धरणाऱ्या चुंबकी मण्यांनी मोनोसाइट. २४ वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे ३ लाख पेशी. एम-सीएसएफ (मोनोसाइटचे मॅक्रोफेज बनवणारं सायटोकाइन) ५० नॅनोग्रॅम/मिली, सहा दिवस. तिसऱ्या दिवशी अर्धं माध्यम बदललं. सहाव्या दिवशी माध्यम पूर्ण बदलून तीन गट केले: नुसतं माध्यम, इंटरफेरॉन गॅमा २० नॅनोग्रॅम + एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन) १० नॅनोग्रॅम, आणि आयएल-४ २० नॅनोग्रॅम/मिली. २४ तासांनी वरचं द्रव काढून एलायझा (प्रथिन मोजायची चाचणी).

नुसत्या माध्यमात टीएनएफ जवळजवळ शून्य. आयएल-४च्या वेलमध्ये मात्र ३०० पिकोग्रॅम/मिलीच्या आसपास! आयएल-४चा परिणाम दाखवणाऱ्या मार्करपैकी सीडी२०६ वाढलंय, पण आर्जिनेज-१ पीसीआरमध्ये दिसतच नाही. सायटोकाइनचा साठा १०० मायक्रोग्रॅम/मिली. त्यातून दहापट तीव्रतेचं द्रावण पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) + ०.१ टक्का बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) केलं आणि ४५० मायक्रोलीटर माध्यमात ५० मायक्रोलीटर टाकलं. आयएल-४ खराब आहे का? नवी कुपी मागवू?

पाषाणकर

कुपी मागवू नका, आधी हिशेब करा. चांगल्या कंपनीच्या प्रमाणपत्रावर एंडोटॉक्सिन साधारणपणे ‘मायक्रोग्रॅममागे १ युनिटपेक्षा कमी’ असं असतं. १ युनिट म्हणजे ढोबळमानाने १०० पिकोग्रॅम एलपीएस. तुमच्या २० नॅनोग्रॅम आयएल-४ बरोबर फार तर ०.०२ युनिट, म्हणजे २ पिकोग्रॅम/मिली येईल. एवढ्याने ३०० पिकोग्रॅम टीएनएफ निघणार नाही.

आता बीएसए बघा. ०.१ टक्का म्हणजे मिलीला १ मिलिग्रॅम. साध्या प्रतीच्या बीएसएमध्ये मिलिग्रॅममागे ५ युनिट असले, तर वेलमध्ये दहापट पातळ होऊन ०.५ युनिट, म्हणजे ५० पिकोग्रॅम/मिली एलपीएस पोचलं. सीडी१४ भरपूर असलेल्या मानवी पेशींना तेवढं पुरतं. नुसत्या माध्यमाच्या वेलमध्ये तुम्ही हे बीएसए टाकलंच नाही, म्हणून तिथे शून्य. इंटरफेरॉनच्या वेलमध्ये एलपीएस मुद्दामच टाकलंय, तिथे भेसळ कळणार कशी?

आयएल-४चा संदेश पेशीतल्या स्टॅट६ या प्रथिनामधून जातो आणि तो टीएनएफ दाबतो, वाढवत नाही. एलपीएसचा टीएलआर४ ते एनएफ-कप्पा-बी हा टीएनएफ वाढवणारा रस्ता वेगळा. दोन्ही संदेश एकाच वेळी आले तर तुम्हाला दिसलं तेच दिसेल: सीडी२०६ वर आणि सोबत टीएनएफ. म्हणजे आयएल-४ कामाचा आहे.

पडताळणी स्वस्तात होते. एका वेलमध्ये फक्त पीबीएस-बीएसए, तेच ५० मायक्रोलीटर. टीएनएफ आला तर चोर सापडला. दुसऱ्यात आयएल-४चं तेच द्रावण पॉलिमिक्सिन-बीसोबत (एलपीएसला बांधून निकामी करणारं प्रतिजैविक, १० मायक्रोग्रॅम/मिली) अर्धा तास ठेवून मग घाला. एलपीएस असेल तर टीएनएफ कोसळेल. सोबत पॉलिमिक्सिन + १० नॅनोग्रॅम एलपीएसचा वेल हवाच, नाहीतर पॉलिमिक्सिन चाललं की नाही हे कळणार नाही. तिसरा उपाय द्रावण उकळण्याचा: प्रथिनाचं काम थांबतं, एलपीएस तसंच राहतं. पण आयएल-४ची घडण चिवट असल्याने मी त्यावर एकट्यावर विसंबणार नाही.

एक विचारायचं राहिलं, एम-सीएसएफही त्याच बीएसएमध्ये पातळ केला होता का?

मोनोसाइट_४११००७

नाही, तो साठ्यातून थेट माध्यमात. २००० पट पातळ होतो म्हणून मधली पायरी घेतली नाही.

पाषाणकर

ते बरं झालं. पहिल्या दिवसापासून थोडं थोडं एलपीएस मिळत राहिलं असतं तर पेशी त्याला सरावल्या असत्या आणि सहाव्या दिवशी उलटंच दिसलं असतं: खरं एलपीएस देऊनही टीएनएफ कमी. मग लोक एम-सीएसएफ ‘शांत’ पेशी बनवतो असं म्हणत बसतात. आयएल-४सुद्धा थेट माध्यमातच मिसळा. ५००० पट पातळ होतोय, मधल्या द्रावणाची गरजच काय?

एबीसी_चौक

आर्जिनेजचं कोडं वेगळं आहे. तो उंदराच्या मॅक्रोफेजचा मार्कर. माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये आयएल-४ने आर्जिनेज-१ वाढत नाही, आणि इंटरफेरॉन + एलपीएसने उंदरासारखं नायट्रिक ऑक्साइडही मिळत नाही. ग्रीस अभिकर्मक (नायट्रिक ऑक्साइड मोजायचं रसायन) आणला असेल तर तोही बाजूला ठेवा. आयएल-४साठी सीसीएल१७, सीडी२००आर, टीजीएम२ बघा. इंटरफेरॉनसाठी सीएक्ससीएल९, सीएक्ससीएल१०, आयडीओ१. सिग्नल पोचला का एवढंच बघायचं असेल तर १५ ते ३० मिनिटांवर फॉस्फो-स्टॅट६ (सक्रिय झालेला स्टॅट६). २४ तासांनी तो शोधाल तर बराच ओसरलेला असेल.

वेळेचंही तेच. टीएनएफ ४ ते ६ तासांतच भरपूर जमा होतो, आयएल-१० (दाह शमवणारं सायटोकाइन) मागून येतो. फक्त २४ तासांचा नमुना घेऊन दोघांची तुलना करू नका. आणि प्रबंधात आयएल-४ दिलेल्या पेशींना नुसतं ‘एम२’ लिहू नका. २०१४पासून उत्तेजकासकट लिहायची पद्धत रुजली आहे, एम(आयएल-४), एम(इंटरफेरॉन गॅमा + एलपीएस). परीक्षक तिथेच अडवतात.

फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींवरची प्रथिनं मोजायला) पेशी ट्रिप्सिनने काढल्या असतील तर सीडी१४ छाटला जातो. थंड पीबीएसमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए, बर्फावर २० मिनिटं, मग हलक्या हाताने पिपेट.

कोथरूडची_पेशी

बिंबिका म्हणजे प्लेटलेट काढल्या का? फायकॉलनंतर २०० जी, १० मिनिटं, दोन-तीनदा धुवा. राहिल्या तर टीजीएफ-बीटा सोडतात आणि तुम्ही न दिलेलं सायटोकाइन प्लेटमध्ये हजर! बफी कोट बर्फात आणू नका, पण मे महिन्यातल्या दुपारी स्कूटरच्या डिकीतही नको. थर्मोकोलच्या डब्यात साधारण २२ अंशांवर, आणि त्याच दिवशी काम सुरू. किमान तीन दाते घ्या, पेशी एकत्र मिसळू नका. एकाचा टीएनएफ दुसऱ्याच्या कितीतरी पट असतो.

मोनोसाइट_४११००७

धुलाई एकदाच केली होती. बीएसए वेल, पॉलिमिक्सिन आणि फॉस्फो-स्टॅट६ पुढच्या बफी कोटवर लावते. पीबीएस आमचंच, ऑटोक्लेव्ह केलेलं. ते तरी चालेल ना?

पाषाणकर

ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, एलपीएस जात नाही. काचेच्या बाटल्या कोरड्या भट्टीत २५० अंशांवर ३० मिनिटं भाजा, आणि पीबीएस एंडोटॉक्सिनमुक्त, तयार बाटलीतलं घ्या. घरच्या पीबीएसचाही एक वेल लावा, नुसताच, बीएसए न घालता.