कॅम्पेन अर्ध्यावर आले असताना खेळाडूला क्लास बदलू द्यावा का?

पडद्याआडचा_डीएम

नमस्कार. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनी मी डीएम (खेळ चालवणारा) म्हणून एक मोठे कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी कथा, चालवत आहे. पार्टीत फायटर (योद्धा), क्लेरिक (दैवी शक्तीने जादू करणारा), सॉर्सरर (उपजत जादू असलेला) आणि वॉरलॉक (एखाद्या शक्तीशी करार करून जादू मिळवणारा) अशा क्लासचे, म्हणजे पेशांचे, चौघे असून सर्वजण सातव्या लेव्हलवर आहेत आणि कथानक साधारण मध्यावर आले आहे. वॉरलॉक खेळणाऱ्या मित्राने मागच्या सेशननंतर मला बाजूला घेऊन सांगितले की हेच कॅरॅक्टर, याच नावाने आणि याच स्वभावाने, त्याला यापुढे विझर्ड (अभ्यासाने पुस्तकातून जादू शिकणारा) म्हणून खेळायचे आहे. प्रत्येक लढाईत दोन स्पेल (मंत्र) टाकून झाले की शेवटपर्यंत एल्ड्रिच ब्लास्ट या कितीही वेळा मारता येणाऱ्या हल्ल्यावरच दिवस काढावे लागतात आणि आपली पाळी येण्याआधीच आपण काय करणार हे सगळ्यांना ठाऊक असते, अशी त्याची तक्रार आहे.

मल्टिक्लासचा, म्हणजे जुना क्लास ठेवून पुढच्या लेव्हल दुसऱ्या क्लासमध्ये घेण्याचा, मार्ग मी तपासून पाहिला. त्यासाठी इंटेलिजन्स किमान १३ लागतो आणि याचा तो १० आहे, कारण सगळा भर करिझ्मा या वॉरलॉकच्या जादूच्या गुणावर (१८) दिलेला आहे. अट माफ केली तरी आठव्या लेव्हलला त्याच्या वाट्याला विझर्डची पहिली लेव्हल येणार आणि फायरबॉल या मोठ्या स्फोटाच्या स्पेलसाठी बाराव्या लेव्हलपर्यंत थांबावे लागणार, म्हणजे तो उपाय नावापुरताच. त्यातच त्याचा पेट्रन, म्हणजे ज्या शक्तीशी त्याने करार केला ती, हा कथेतला मुख्य धागा आहे. दोन उपकथानके त्या करारावर उभी आहेत. क्लास पूर्णपणे बदलू द्यावा की नाही, आणि दिला तर कशाच्या बदल्यात, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

दोन_श्वास_विश्रांती

परवानगीचा विचार करण्याआधी एक गोष्ट तपासावी असे सुचवतो. तुमची पार्टी दिवसाला शॉर्ट रेस्ट किती घेते? वॉरलॉकची सगळी रचना त्या एका तासाच्या विश्रांतीवर बेतलेली आहे, कारण त्याचे दोन स्लॉट (स्पेल टाकण्याच्या संधी) तिच्यानंतर परत मिळतात. डीएमसाठीच्या नियमपुस्तकात साहसाच्या एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ लढती आणि त्यांच्या दरम्यान सुमारे दोन शॉर्ट रेस्ट गृहीत धरलेल्या आहेत. हा हिशेब पाळला तर सातव्या लेव्हलच्या वॉरलॉकला दिवसभरात सहा स्लॉट मिळतात आणि ते सहाही चौथ्या पातळीचे असतात. त्याच लेव्हलच्या विझर्डकडे एकूण अकरा स्लॉट असले तरी चौथ्या पातळीचा एकच असतो. आर्केन रिकव्हरी, म्हणजे विझर्डची दिवसातून एकदा काही स्लॉट परत मिळवण्याची सोय, त्यावर खर्च केली तर फार तर दोन.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक टेबलांवर दिवसाला एक किंवा दोन मोठ्या लढाया होतात आणि त्यानंतर सगळे थेट लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतात. अशा टेबलावर विझर्ड आणि सॉर्सरर सर्व स्लॉट दोन लढायांत उधळू शकतात, तर वॉरलॉक दोन स्पेलनंतर हात चोळत बसतो. तुमच्या मित्राची तक्रार वाचून मला हेच घडत असल्याचा दाट संशय येतो. तसे असेल तर २०२४ च्या नियमांतील मॅजिकल कनिंग ही सोय उसनी घेऊन पाहा. त्यात वॉरलॉकला दोन लाँग रेस्टच्या दरम्यान एकदा, एका मिनिटाच्या विधीने, निम्मे स्लॉट परत मिळतात, म्हणजे या लेव्हलला एक. शिवाय प्रत्येक लेव्हलला एक स्पेल आणि एक इन्व्होकेशन (वॉरलॉकची निवडलेली खास क्षमता) बदलण्याची मुभा मूळ नियमांतच आहे, तिचा त्याने कधी उपयोग केला आहे का, हेही विचारा. एवढ्याने काम भागले तर कथेला धक्काही लागणार नाही.

जुनी_पाने

वरील सल्ला योग्यच आहे. मी ‘कशाच्या बदल्यात’ या भागाबद्दल लिहितो. क्लास बदलणाऱ्याकडून काहीतरी वसूल केलेच पाहिजे ही कल्पना या खेळात फार जुनी आहे. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत केवळ मानवी कॅरॅक्टरला क्लास सोडून दुसरा धरता येत असे. त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य गुणात किमान १५ आणि नव्याच्या मुख्य गुणात किमान १७ लागत. पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करावी लागे आणि नवी लेव्हल जुनीच्या पुढे जाईपर्यंत जुने कसब वापरले तर एक्सपीवर (लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांवर) पाणी सोडावे लागे. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने मल्टिक्लास सर्वांना खुला केला, तरी दोन क्लासच्या लेव्हलमध्ये एकाहून अधिक अंतर पडल्यास, काही अपवाद वगळता, एक्सपीत २० टक्के कपात ठेवलीच. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१९ मध्ये, फीट (निवडलेल्या खास क्षमता) आणि स्किल सवडीच्या काळात बदलता येतात, पण क्लास बदलण्याला स्पष्ट नकार आहे. याच्या अगदी उलट टोकाला वॉरहॅमर फॅन्टसी रोलप्ले आहे, जिथे १९८६ पासून एक करिअर सोडून दुसऱ्यात शिरणे हाच प्रगतीचा राजमार्ग मानला गेला.

यातले दंडाचे नियम त्या काळच्या खेळासाठी ठीक होते, कारण एकाच पार्टीत वेगवेगळ्या लेव्हलची कॅरॅक्टर असणे तेव्हा नित्याचे होते. आज सर्वजण एकत्र लेव्हल चढतात. अशा वेळी एकाला दोन लेव्हल खाली ढकलले तर पुढच्या प्रत्येक लढाईत तो आधी कोसळतो आणि त्याला उचलण्यात क्लेरिकची पाळी खर्च होते. म्हणजे शिक्षा दोघांना होते. मोबदला घ्यायचाच असेल तर कथेत घ्यावा. २०२० मध्ये उपक्लास (क्लासमधली शाखा) बदलण्याचा जो ऐच्छिक नियम आला त्यातही प्रशिक्षणाचा काळ, खर्च किंवा एखादी कामगिरी असेच मार्ग सुचवले आहेत. लेव्हलला हात लावू नये.

शब्दाला_जागणारा

मी वेगळे मत नोंदवतो. वॉरलॉकची शक्ती ही उसनी आहे आणि त्या कर्जाची जाणीव हाच या क्लासचा प्राण आहे. टेबलावरच्या चार जणांनी इतका काळ त्या कराराभोवती निर्णय घेतले असतील, क्लेरिकने कदाचित त्यावरून भांडणही केले असेल. आता ‘तो अभ्यास करून विझर्ड झाला’ असे एका वाक्यात सांगितले तर त्या सगळ्या प्रसंगांचे वजन मागाहून कमी होते. कंटाळा आला असेल तर त्याने नवे कॅरॅक्टर आणावे, त्याच लेव्हलचे आणि त्याच्या मनाजोगते. जुना वॉरलॉक पेट्रनच्या बोलावण्यावरून निघून जाईल आणि एनपीसी (डीएमने चालवायचे पात्र) म्हणून तुमच्या हाती राहील. मग दोन्ही उपकथानके शाबूत राहतात आणि पुढे तो परत आला तर कोणाच्या बाजूने, हा प्रश्नही उघडा राहतो. नियमात अशा प्रकारचा बदल आधीच मान्य असलेला एकच प्रसंग मला पटतो, तो म्हणजे शपथ मोडलेल्या पॅलाडिनचा (शपथेने बांधलेल्या योद्ध्याचा). कारण तिथे क्लास जातो तो कॅरॅक्टरच्या कृतीमुळे, खेळाडूच्या कंटाळ्यामुळे नव्हे.

पडद्याआडचा_डीएम

सर्वांचे आभार. विश्रांतीबद्दलचा अंदाज अचूक निघाला. आमच्याकडे बहुधा दिवसाला एकच लढाई होते. मित्राशी पुन्हा सविस्तर बोललो. स्लॉट वाढले तरी चालेल, पण त्याला खरे आकर्षण आहे ते रोज सकाळी स्पेल निवडण्याचे, म्हणजे आज पार्टी कुठे जाणार आहे हे पाहून तयारी करण्याचे. कॅरॅक्टर सोडायला मात्र तो तयार नाही. त्याच्याकडे पॅक्ट ऑफ द टोम आहे, याचा काही उपयोग होईल का? आणि आकडे नेमके कसे बदलावेत?

पोथीतला_किडा

तयारीची ही हौस वॉरलॉक किंवा सॉर्सरर कोणीच भागवू शकत नाही, त्यामुळे मागणी रास्त दिसते आणि मी होकार देईन. टोम असणे तर सोन्याहून पिवळे. पेट्रनने दिलेला तो ग्रंथच पुढे स्पेलबुक ठरू द्या. इतका काळ त्यातली पाने आपोआप उमटत होती. आता पेट्रनने हात आखडता घेतला आणि त्याला ती लिपी स्वतः उलगडावी लागते आहे. वरच्या प्रतिसादातला आक्षेप मला मान्य आहे, म्हणून करार रद्द करू नका. शक्ती बंद झाली तरी देणे शिल्लक आहे, आणि काही न देता वसुलीला येणारा पेट्रन आधीपेक्षा अधिक भीतिदायक वाटेल.

आकड्यांचे म्हणाल तर करिझ्मा आणि इंटेलिजन्स यांची सरळ अदलाबदल करा. विझ्डमचा सेव्ह (संकट टाळण्याच्या फाशातले प्रावीण्य) दोन्ही क्लासला आहे, दुसरा करिझ्माऐवजी इंटेलिजन्सचा होईल. हिट डाय, म्हणजे हिट पॉइंट ठरवणारा फासा, आठवरून सहावर येतो. ठरावीक सरासरी धरली तर वॉरलॉकचे ३८ आणि विझर्डचे ३० हिट पॉइंट होतात, कॉन्स्टिट्यूशनची भर दोन्हीकडे सारखीच. हलक्या चिलखताचे प्रशिक्षणही विझर्डला नसते. ही घट त्याला आधीच दाखवा, कारण मागे उभे राहून ब्लास्ट मारण्याची सवय असलेल्याला ती पहिल्या घेरावातच जाणवते.

आता ज्या माणसाबद्दल या चर्चेत कोणीच बोलले नाही त्याच्याकडे वळतो : सॉर्सरर. सातव्या लेव्हलला त्याला एकूण आठ स्पेल येतात. नव्या विझर्डच्या पुस्तकात पहिल्या लेव्हलचे सहा आणि पुढे दर लेव्हलला दोन असे अठरा असतील, त्यांतले अकरा तो रोज नव्याने निवडेल. सॉर्सररने फायरबॉल आणि काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा) घेण्यासाठी जे जे सोडून दिले, ते शेजारी बसलेला माणूस गुरुवारी वापरून शुक्रवारी बदलेल. हे त्याला सेशन सुरू झाल्यावर कळले तर तो उघड काही बोलणार नाही, पण मनातून खट्टू होईल. म्हणून दोघांना एकत्र बसवा आणि स्पेलची यादी समोर ठेवून वाटणी करू द्या : स्फोट आणि आग सॉर्सररकडे, रिच्युअल (स्लॉट न खर्चता सावकाश करायचे स्पेल), हेरगिरी, प्रवास आणि रणांगणाची अडवणूक विझर्डकडे. सॉर्सररलाही त्याच वेळी दोनतीन स्पेल बदलून घेण्याची सवलत द्या. फायटर आणि क्लेरिक यांनाही विचारा. एकासाठी दार उघडले तर ते चौघांसाठी उघडे असल्याचे त्यांच्या कानावर गेले पाहिजे.

शब्दाला_जागणारा

देणे कायम राहणार असेल तर माझा विरोध बराचसा मावळतो. एकच सूचना करतो : बदल उपकथानकाच्या सांध्यावर करा, लढाईच्या ऐन मध्यात नको, आणि त्याला पुढची दोन-तीन सेशन परत फिरण्याची मुभा ठेवा. त्यानंतर मात्र पुन्हा क्लास बदलणार नाही, हे त्याच्याकडून सर्वांसमोर वदवून घ्या.

पडद्याआडचा_डीएम

सॉर्सररशी आजच बोललो. त्याची हरकत नाही, पण काउंटरस्पेल आपल्याकडेच राहावा अशी अट त्याने घातली आहे आणि ती विझर्ड होऊ पाहणाऱ्याने मान्य केली आहे. पार्टी सध्या एका बुडालेल्या मठाच्या ग्रंथालयाकडे निघाली आहे. तिथे पोहोचल्यावर ग्रंथाची पाने कोरी पडतील.