नॉझल चेक पूर्ण येत असेल तर हेड क्लीनिंग थांबवा

तुमच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेल्या फोटोत, आकाशात पट्टे येतायत. त्यावर हेड क्लीनिंग (प्रिंटहेडची शाईची छिद्रं साफ करणं) पुन्हा पुन्हा मारायचा सल्ला दिलाय, तो नॉझल चेकमध्ये (सगळ्या छिद्रांतून शाई येते का हे दाखवणारी चाचणी प्रिंट) रेघा तुटत असतील तरच बरोबर आहे. इथे तर चेक पूर्ण येतोय म्हणताय. मग क्लीनिंगने शाई वाया जाते आणि वेस्ट पॅड (वाया गेलेली शाई शोषणारं पॅड) भरतं, बाकी काही होत नाही. आधी फोटो ९० अंशांत फिरवून छापा. पट्टे फोटोबरोबर फिरले तर दोष फाइलमध्ये आहे, आकाशाच्या ग्रेडियंटमध्ये, म्हणजे हळूहळू बदलणाऱ्या छटेत, अनेकदा हेच असतं. पट्टे हेड धावतं त्याच दिशेत राहिले तर प्रिंटर बघायचा. ठराविक अंतरावर बारीक पांढऱ्या रेघा म्हणजे कागद जरा जास्त सरकतोय, गडद रेघा म्हणजे कमी सरकतोय. प्रिंटरच्या मेंटेनन्स मेनूमध्ये पेपर फीड अ‍ॅडजस्टमेंट असेल तर ते करा, आणि हाय स्पीड म्हणजे हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापणं बंद करा.

आणि मुंबईचा पावसाळा विसरू नका! माझ्याकडे दादरला जुलैमध्ये असाच प्रकार झाला होता. ग्लॉसी कागद रात्रभर ट्रेमध्येच राहिलेला, सकाळी कडा बोटाला लागतील इतक्या वर वळल्या होत्या. प्रत्येक प्रिंटवर पट्टे, तेही कडांशीच जास्त, कारण तिथे हेड आणि कागदातलं अंतर बदलतं. त्याच पाकिटातला, सील न फोडलेल्या थरातला कागद घातला आणि पहिलीच प्रिंट स्वच्छ आली. तेव्हापासून उरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसकट झिपच्या पिशवीत, आडवाच ठेवते.